साध्या मजकुरातील खुणा : परिच्छेद आणि विशेष चिन्हे

छापलेल्या पानावर आपण अक्षरे वाचतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अक्षरांच्या बरोबरीने आपण मोकळी जागाही वाचत असतो. परिच्छेद कोठे संपला, कवितेची ओळ कोठे मोडली, कोणता शब्द ठळक आहे, हे सारे आपण नकळत टिपत जातो आणि त्यावरूनही अर्थ लावतो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे नव्याने सांगावयास नको. परंतु हाच मजकूर संगणकावर लिहिला जातो तेव्हा त्या मोकळ्या जागेची नोंद यंत्र कशी ठेवते, याचा विचार कला शाखेत सहसा होत नाही. तो शास्त्र शाखेचा प्रांत समजून आपण सोडून देतो. प्रस्तुत लेखात या विषयाच्या एका लहानशा भागाचा परामर्श घ्यावयाचा आहे. ज्या लेखनपद्धतीत मजकूर आणि त्याची मांडणी ही दोन्ही साध्या अक्षरांतच लिहिली जातात, त्या पद्धतीत परिच्छेद कसा ओळखला जातो आणि विशेष चिन्हांचे काय होते, हा तो भाग होय.

पेन्सिल आणि शाई

या पद्धतीला इंग्रजीत मार्कअप म्हणतात. हा शब्द मूळचा छापखान्यातला आहे. लेखकाचे हस्तलिखित जुळाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी संपादक त्यावर खुणा करीत असे : हे शीर्षक मोठ्या टायपात घ्या, येथे नवा परिच्छेद पाडा, हा शब्द तिरपा घ्या. या खुणा समासात किंवा निराळ्या रंगाच्या पेन्सिलीने केलेल्या असत. म्हणून जुळाऱ्याला कधी शंका येत नसे. शाईने लिहिलेले ते छापावयाचे आणि पेन्सिलीने लिहिलेले ते पाळावयाचे, असा सरळ हिशोब होता.

संगणकावरील साध्या मजकुराच्या फाइलमध्ये समास नसतो आणि दुसऱ्या रंगाची पेन्सिलही नसते. तेथे एकामागून एक येणारी अक्षरे एवढेच काय ते असते. त्यातच लेखकाचे शब्द आहेत आणि त्यातच यंत्राला द्यावयाच्या आज्ञाही आहेत. तेव्हा समोर आलेले चिन्ह छापावयाचे की पाळावयाचे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी उभा राहतो. पुढील सर्व विवेचन या एका प्रश्नाचेच आहे असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

याचा रोजचा अनुभव मोबाइलवर आपण सर्वजण घेतो. व्हॉट्सअॅपवर एखाद्या शब्दाच्या आधी आणि नंतर तारका, म्हणजे * हे चिन्ह टंकले की तो शब्द ठळक होतो आणि तारका नाहीशा होतात. तेथे तारका ही पेन्सिलीची खूण झाली. गणिताच्या एखाद्या ओळीत गुणाकारासाठी एकटीच तारका टाकली, तर ती तशीच दिसते. तेथे ती शाईची झाली. चिन्ह तेच, पण काम दुसरे. हा निवाडा यंत्र कशाच्या आधारे करते, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ओळ मोडणे आणि परिच्छेद मोडणे

दूरमुद्रक म्हणजे टेलिप्रिंटर या यंत्रात नव्या ओळीवर जाण्यासाठी दोन हालचाली कराव्या लागत. छापणारा भाग डावीकडे परत नेणे ही एक, आणि कागद एक ओळ वर सरकवणे ही दुसरी. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांसाठी आस्की ही सांकेतिक क्रमांकांची पद्धत प्रसिद्ध झाली, तेव्हा या दोन हालचालींना दोन स्वतंत्र क्रमांक मिळाले. कागद वर सरकवण्याला १० आणि डावीकडे परत जाण्याला १३. पुढे कागद गेला, यंत्राचा तो भागही गेला, पण क्रमांक राहिले. युनिक्स या प्रणालीने ओळीच्या शेवटी फक्त १० ठेवला, जुन्या मॅकिंटॉशने फक्त १३ ठेवला आणि विंडोजने दोन्ही ठेवले. म्हणून एका यंत्रावर नीट दिसणारी फाइल दुसऱ्या यंत्रावर सलग एका ओळीत दिसे. विंडोजमधील नोटपॅड हा साधा एडिटर २०१८ सालापर्यंत युनिक्सच्या ओळी ओळखत नव्हता.

या गोंधळाखाली एक अधिक खोल प्रश्न दडलेला आहे. एंटर ही कळ दाबली याचा अर्थ काय समजावयाचा? टंकयंत्रावर लिहिणारा मनुष्य कागदाची कड आली म्हणून ओळ बदलतो, विचार संपला म्हणूनही बदलतो, आणि कविता असेल तर छंदासाठी बदलतो. एकाच कळीचे असे तीन अर्थ होतात. कड आली म्हणून मोडलेली ओळ केवळ सोयीची आहे. कागदाची रुंदी बदलली की ती बदलली पाहिजे. परिच्छेद मात्र रुंदी कितीही बदलली तरी टिकला पाहिजे, आणि कवितेची ओळही टिकली पाहिजे.

यावर जी तोड निघाली ती अगदी साधी आहे. एकदा एंटर दाबणे म्हणजे सोयीची मोड, ती नुसत्या मोकळ्या जागेइतकीच समजावयाची. दोनदा एंटर दाबून मध्ये एक पूर्ण ओळ रिकामी सोडली, तर तो परिच्छेद. डोनाल्ड क्नूथ या गणितज्ञ प्राध्यापकाने हाच नियम पाळला. १९७७ साली आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून त्यांचे समाधान झाले नाही, आणि त्यांनी टेक् नावाची स्वतःची अक्षरजुळणी-पद्धत तयार करावयास घेतली. टेक्मध्ये रिकामी ओळ म्हणजे परिच्छेदाचा शेवट. पुढे २००४ साली जॉन ग्रुबर यांनी आरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने मार्कडाउन ही खूणपद्धती प्रसिद्ध केली. तिच्यातही तोच नियम आहे.

मार्कडाउनमागील विचार लक्षात घेण्यासारखा आहे. साध्या मजकुराच्या टपालात लोक आधीपासूनच काही संकेत पाळत होते. शब्दावर जोर देण्यासाठी त्याला तारकांत घालीत, यादीच्या प्रत्येक ओळीआधी लहान रेघ देत, परिच्छेदांमध्ये ओळ सोडीत. ग्रुबर यांनी हेच संकेत नियमबद्ध केले. यंत्रातून न काढताही मूळ मजकूर माणसाला सुखाने वाचता यावा, हा त्यांचा हेतू होता. टिम बर्नर्स-ली यांच्या एचटीएमएल या भाषेत परिच्छेदाची खूण शब्दांच्या आधी कोनी कंसात लिहावी लागते आणि तेथे रिकाम्या ओळीला कसलीच किंमत नाही. दहा ओळी सोडल्या तरी पडद्यावर एक मोकळी जागा उरते. मार्कडाउनमध्ये मात्र डोळ्याला जो परिच्छेद दिसतो तोच यंत्रालाही दिसतो.

पण या सोयीची किंमत कोणीतरी मोजतच असते, आणि येथे ती कवितेने मोजली. समजा, कोणी चार ओळींची रचना चार ओळींत टंकली आणि प्रत्येक ओळीनंतर एकदाच एंटर दाबले. यंत्राच्या मते त्या चार सोयीच्या मोडी आहेत. ते चारही ओळी जोडून त्यांचे एक गद्य वाक्य करते. यमक वाक्याच्या पोटात लपते आणि छंद नाहीसा होतो. अभंग आणि ओवी यांच्या बाबतीत तर ओळ हाच रचनेचा कणा असतो. शब्द सगळे शाबूत आहेत, एकही अक्षर गळालेले नाही, आणि तरीही कविता उरलेली नाही, अशी ही अवस्था होय.

मार्कडाउनने यावर उपाय दिला, तो ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडण्याचा. तेवढे केले की ओळ मोडते. हा उपाय चालतो, परंतु तो डोळ्यांना दिसत नाही. ओळीच्या शेवटची मोकळी जागा कागदावरही दिसत नाही आणि पडद्यावरही दिसत नाही. शिवाय कित्येक एडिटर फाइल जतन करताना ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा केर समजून झाडून टाकतात. कवीने सोडलेल्या जागा अशा रीतीने गेल्या तर कोणाच्या लक्षातही येत नाही. २०१४ साली कॉमनमार्क या नावाने मार्कडाउनचे नियम काटेकोरपणे लिहून काढण्यात आले, त्यात ओळीच्या शेवटी उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश देण्याचा पर्याय आहे. ती निदान दिसते तरी. जॉन मॅकफार्लेन यांच्या पॅनडॉक या प्रोग्रॅममध्ये पद्यासाठी वेगळी सोय आहे. ओळीच्या आरंभी एक उभी रेघ आणि मोकळी जागा दिली की ओळी जशाच्या तशा राहतात आणि आतली सोडलेली जागाही राहते. मॅकफार्लेन हे बर्कली येथील विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत आणि कॉमनमार्कचे नियम सिद्ध करण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. कला शाखेच्या वाचकांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

युनिकोड या जागतिक अक्षरसंहितेने हा घोळ मिटवण्यासाठी ओळीची मोड आणि परिच्छेदाची मोड यांना दोन निरनिराळे क्रमांक दिले आहेत. पण कळफलकावर त्यांच्या कळी नाहीत. म्हणून ते जवळजवळ कोणी वापरीत नाही. नियम कितीही शुद्ध असला तरी हाताच्या सवयीपुढे तो टिकत नाही, हे यावरून दिसते.

विशेष चिन्हांचा निवाडा

आता चिन्हांकडे वळू. खूण कोणती आणि अक्षर कोणते हे ठरवण्याच्या मुख्यतः तीन रीती आढळतात.

पहिली रीत जागेची. १९६४ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जेरोम सॉल्टझर यांनी रनऑफ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात ओळीच्या अगदी आरंभी पूर्णविरामाचा टिंब असेल तर ती ओळ आज्ञा समजली जाई. वाक्याच्या आरंभी टिंब कधी येत नाही, म्हणून ही जागा मोकळी सापडली. बेल प्रयोगशाळेत जो ओसाना यांनी लिहिलेल्या ट्रॉफनेही हीच रीत उचलली. पण अपवाद निघतातच. ट्रॉफमध्ये टिंबाप्रमाणे ओळीच्या आरंभीचे अपॉस्ट्रॉफीचे चिन्हही आज्ञेचे मानले जाते, आणि न समजलेली आज्ञा तो प्रोग्रॅम मुकाट्याने सोडून देतो. त्यामुळे ओळच्या ओळ छापील पानावरून गायब होऊ शकते.

मार्कडाउनमध्येही ओळीच्या आरंभाला असाच मान आहे. तेथे # आले तर शीर्षक, लहान रेघ आणि मोकळी जागा आली तर यादी, आकडा आणि टिंब आला तर क्रमवार यादी. आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने एका परिच्छेदाची सुरुवात इंग्रजी अंकांत १९६० लिहून, पुढे टिंब व मोकळी जागा देऊन केली आणि ‘याच वर्षी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले’ असे लिहिले, तर यंत्र त्या सनाला यादीतला क्रमांक समजते. मूळच्या मार्कडाउनमध्ये यादीला कोणताही आकडा दिला तरी मोजणी एकापासूनच होत असे. म्हणजे राज्यस्थापनेचे वर्ष पुसले जाऊन त्या जागी १ उमटणार.

दुसरी रीत जोडीची आणि शेजाराची. तारका शब्दाला चिकटून असेल आणि तिची जोडीदार पुढे सापडली तर ती खूण. दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल तर ती नुसती तारका. आपणही अवतरणचिन्ह उघडणारे की मिटणारे हे त्याच्या शेजारावरूनच ओळखतो.

तिसरी रीत सुटकेची. एखादे चिन्ह खूण म्हणून नको, अक्षर म्हणूनच हवे, तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावयाची. वरील उदाहरणात सनापुढील टिंबाच्या आधी ती रेघ दिली की सन वाचतो. मग त्या रेघेचे काय? ती स्वतः छापावयाची असेल तर ती दोनदा लिहावयाची. टेक्मध्ये अशी दहा चिन्हे राखीव असतात, आणि त्यांपैकी टक्क्याचे चिन्ह सर्वात घातक आहे. त्याच्यापुढील ओळीचा सारा भाग टिपण समजून यंत्र सोडून देते. अर्थशास्त्राच्या निबंधात टक्के जागोजाग येतात, तेव्हा किती वाक्ये अर्धी राहतील याची कल्पना करावी.

एचटीएमएलमध्ये सुटकेची रीत थोडी निराळी आहे. तेथे खूण कोनी कंसाने सुरू होते. म्हणून कोनी कंसच छापावयाचा असेल तर त्याचे टोपणनाव लिहावे लागते आणि त्या टोपणनावाचा आरंभ & या चिन्हाने होतो. साहजिकच & हे चिन्हही राखीव झाले आणि त्यालाही टोपणनाव आले. आता मजकुरातील सर्व चिन्हांऐवजी टोपणनावे घालावयाची असतील तर & ला पहिला मान द्यावा लागतो. आधी कंस बदलून मग & बदलला, तर नुकत्याच घातलेल्या टोपणनावांतलाही & बदलून जातो. काही संकेतस्थळांवर ‘आणि’च्या चिन्हापुढे ए, एम, पी ही इंग्रजी अक्षरे उगीचच लटकलेली दिसतात, त्याचे कारण बहुधा असे दोनदा केलेले सोवळे हेच असते.

मराठी लेखनाचा प्रश्न

वरील सर्व पद्धती इंग्रजी लिहिणाऱ्या माणसांनी, इंग्रजी कळफलकासमोर बसून घडवल्या. मजकुरात क्वचित येणारी चिन्हे त्यांनी खुणांसाठी निवडली. मात्र ‘क्वचित’ म्हणजे इंग्रजीत क्वचित. मराठीत काय होते ते आता पाहू.

प्रथम चांगली बाजू. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही साठवणपद्धती आखली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसते आणि त्या तिन्हींपैकी एकही बाइट आस्कीमधील कोणत्याही चिन्हासारखा नसतो. म्हणून मराठी अक्षराच्या पोटात तारका किंवा कोनी कंस सापडला असा भास यंत्राला होऊच शकत नाही.

त्यापूर्वी असे नव्हते. जुन्या फॉण्टांमध्ये इंग्रजी चिन्हांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. हिंदीत फार चाललेल्या कृतिदेव या फॉण्टात ‘ढ’ हे अक्षर ‘पेक्षा लहान’ या चिन्हाच्या जागी आहे आणि ‘ग’ हे इंग्रजी एक्सच्या जागी. डोळ्यांना ‘ढग’ दिसतो, परंतु फाइलमध्ये मात्र उघडलेला कोनी कंस आणि एक्स असतो. असा मजकूर तसाच एचटीएमएलमध्ये टाकला, तर ढगापासून पुढचा मजकूर, कंस मिटेपर्यंत, खूण समजून गिळला जातो. जुन्या फॉण्टांत अडकलेले मराठी लेखन आधी युनिकोडमध्ये का आणले पाहिजे, याचे हे एक ठोस कारण आहे.

युनिकोड आल्यावरही काही अडचणी उरल्या आहेत. पहिली आकड्यांची. कॉमनमार्कच्या नियमात क्रमवार यादीचे आकडे म्हणजे फक्त इंग्रजी अंक. देवनागरीत १, २, ३ असे लिहून पुढे टिंब दिले आणि प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर लिहिला, तरी यंत्राला ती यादी वाटत नाही. वर पाहिलेल्या नियमाप्रमाणे ते सर्व मुद्दे जोडून एकच परिच्छेद करते. इंग्रजी अंकांतला सन यादी होतो आणि मराठी अंकांतली यादी मात्र यादी होत नाही, असा हा विचित्र न्याय आहे.

दुसरी अडचण प्रत्ययांची. इंग्रजीत शब्दयोगी शब्द सुटे लिहितात, आपण ते जोडून लिहितो. ‘गाथेमध्ये’ या शब्दातील ‘गाथे’ एवढाच भाग तिरपा करावयाचा असे समजा. तारका वापरल्या तर काम होते. परंतु अंडरस्कोर म्हणजे अक्षराखालची रेघ हीच खूण वापरली, तर मिटणाऱ्या रेघेपुढे लगेच ‘म’ येतो आणि रेघ शब्दाच्या पोटात आहे असे समजून यंत्र तिला खूण मानीत नाही. प्रोग्रॅम लिहिणारे लोक नावांमध्ये अंडरस्कोर घालतात, ती नावे बिघडू नयेत म्हणून हा नियम आला. त्यांच्या दृष्टीने तो योग्यच आहे. आपल्या विभक्तीला मात्र तो अडतो.

याहून सूक्ष्म प्रकार अवतरणचिन्हांचा. “स्वराज्य”ला असे लिहून अवतरणचिन्हांसह तो शब्द ठळक करावयाचा, आणि ‘ला’ साधा ठेवावयाचा. येथे मिटणाऱ्या तारकांच्या अलीकडे विरामचिन्ह आणि पलीकडे अक्षर येते. कॉमनमार्कच्या शेजाराच्या नियमाप्रमाणे अशा तारका मिटणाऱ्या ठरत नाहीत आणि त्या पानावर जशाच्या तशा दिसतात. इंग्रजीत अवतरणानंतर मोकळी जागा येते, म्हणून तेथे ही अडचण फारशी जाणवत नाही. चिनी आणि जपानी लेखनात शब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत, म्हणून त्यांनाही हाच त्रास होतो.

तिसरी अडचण आपल्या शालेय शिस्तीतून येते. परिच्छेदाच्या आरंभी थोडी जागा सोडावी असे आपल्याला निबंधलेखनात शिकवलेले असते. मार्कडाउनमध्ये रिकाम्या ओळीनंतर चार मोकळ्या जागा सोडून लिहिले तर तो परिच्छेद संगणकाच्या कार्यक्रमाचा तुकडा समजला जातो आणि वेगळ्या टायपात, चौकटीत छापल्यासारखा दिसतो. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्याच्या खूणपद्धतीत तर ओळीच्या आरंभीची एक मोकळी जागाही असाच परिणाम करते. शिस्तीत लिहिणाऱ्यालाच येथे शिक्षा होते! त्याचप्रमाणे कथेतील संवादाची सुरुवात लहान रेघेने केली की त्याची यादी होते, आणि प्रसंग बदलला हे दाखवण्यासाठी परिच्छेदाच्या लगेच खाली तीन रेघा दिल्या की वरचा परिच्छेद शीर्षक बनतो. मध्ये एक ओळ रिकामी सोडली तर हे टळते.

चौथी गोष्ट दंडाची. ओवी-अभंगांच्या शेवटी येणाऱ्या दंडाला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान आहे आणि तो खुणांच्या वाटेला जात नाही. पण तो कळफलकावर सापडत नाही म्हणून पुष्कळ जण त्याऐवजी इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ टंकतात. दिसण्यात फरक थोडा, कामात फरक मोठा. ती उभी रेघ अनेक पद्धतींत कोष्टकाचे रकाने पाडण्यासाठी राखलेली आहे. विकिपीडियाच्या कोष्टकात दोन उभ्या रेघांनी ओवी संपवली तर ओवीचे दोन रकाने होतात.

शेवटची बाब न दिसणाऱ्या चिन्हांची. देवनागरीत अक्षरे जोडण्याच्या आणि न जोडण्याच्या सूचना देणारी, रुंदी शून्य असलेली चिन्हे आहेत. ‘दऱ्या’मधील अर्धा र हा स्वतंत्र क्रमांकाने लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि असे एक अदृश्य जोडचिन्ह मिळूनही लिहिता येतो. दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या मजकुरातून एखाद्या प्रोग्रॅमने अदृश्य चिन्हे केर म्हणून काढून टाकली, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीतल्या खोल जागा जाऊन तेथे समुद्र येतो. ओळीच्या शेवटच्या दोन मोकळ्या जागांची जी कथा, तीच येथेही आहे. जे दिसत नाही ते निरर्थक, ही समजूत लेखनाच्या बाबतीत खरी ठरत नाही.

समारोप

एकंदर विवेचनावरून काही व्यवहारी गोष्टी निघतात. परिच्छेदांमध्ये नेहमी एक ओळ रिकामी सोडावी आणि आरंभी जागा सोडू नये. पद्यासाठी दिसणारी खूण वापरावी, न दिसणाऱ्या मोकळ्या जागांवर विसंबू नये. शब्दाला प्रत्यय लागत असेल तर अंडरस्कोरऐवजी तारका घ्याव्यात, आणि अवतरणचिन्हे असतील तर ती तारकांच्या बाहेर ठेवावीत. दंडासाठी दंडच लिहावा. एखादे चिन्ह अक्षर म्हणून हवे असेल आणि शंका वाटत असेल तर आधी उलटी तिरपी रेघ द्यावी. आपल्यापैकी पुष्कळांनी टंकयंत्र पाहिलेले नाही, घरात पहिला कळफलक आला तो मोबाइलचाच. त्यांना तर हे नियम कोणी सांगितलेलेच नसतात, आणि बिघडलेले पान पाहून आपल्यालाच लिहिता येत नाही असे त्यांना वाटते. दोष त्यांचा नसतो. मजकूर आणि आज्ञा एकाच शाईने लिहिण्याचा जो करार आहे, त्याची कलमे त्यांना माहीत नसतात एवढेच.

यापुढे जाऊनही एक विचार मांडावासा वाटतो. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नाने इंग्रजीतील विरामचिन्हे मराठीत रूढ झाली. ती परकी होती, पण मराठी लेखकांनी ती आपल्या वाक्याला बसवून घेतली. आजच्या खुणांच्या बाबतीतही तेच करावे लागेल. कॉमनमार्कचे नियम सर्वांना वाचण्यास खुले आहेत. देवनागरी अंकांची यादी यादी का होऊ नये, आणि प्रत्यय लागलेल्या शब्दाचा ठळकपणा का अडावा, हे प्रश्न तेथे नीट मांडावयाचे तर संगणकाच्या ज्ञानाइतकेच विभक्ती, शब्दयोगी अव्यये आणि छंद यांचे ज्ञान हवे. ते ज्ञान आपल्या वर्गात शिकवले जाते. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक जर परिच्छेदाचे नियम लिहू शकतो, तर मराठीच्या विद्यार्थ्याने ओवीच्या ओळीसाठी दोन शब्द बोलण्यास संकोच बाळगण्याचे कारण नाही, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.